सोळा स्फटिक

"श्वास धर, चिमणे. हाललीस तर घाबरेल तो." लहानपणी स्टुलावर उभं करून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगत आई म्हणायची. काचेवरच्या थेंबात, मिठाच्या कणाहून लहान, एक स्फटिक निजलेला असायचा.

चिमणी आता परदेशातल्या क्ष-किरण केंद्रात काम करत होती. देशोदेशीचे लोक आपले स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, नळकांड्यात भरून तिथे पाठवत आणि वाट्याला आलेल्या आठ तासांत, आपापल्या जागी बसून, पडद्यावर निकाल बघत. आज पाळी आईची होती. अकरा वर्षं एकाच प्रथिनाचे स्फटिक जमवण्यामागे लागलेली आई. पुढच्या महिन्यात तिची निवृत्ती.

"इतर आया लेकीला कपडे पाठवतात," सकाळी पडद्यावरून ती हसली होती. "मी नळकांडं पाठवलं. गोड मानून घे, बाई."

शिशाच्या दाराआड यंत्राच्या हाताने पहिला स्फटिक किरणासमोर धरला. पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटायला हवी होती. उमटली नुसती वर्तुळं. बर्फाची. दुसऱ्याचंही तेच. सातव्याचंही.

"वाटेत नायट्रोजन उडून गेला का गं?"

"नाही आई. नळकांडं थंडगार पोचलं होतं."

लेक एकेक स्फटिक पुढे सरकवत राहिली.

सोळावाही बर्फच निघाला. बाहेर बाकावर केंद्रातली पुढच्या पाळीची माणसं येऊन बसली होती. अहवालाच्या कागदावर दोनच चौकोन होते: स्फटिक निकृष्ट, किंवा चूक केंद्राची. पहिल्यावर खूण केली की त्या कामाला पुन्हा पाळी नाही. दुसऱ्यावर केली की पाळी पुन्हा मिळे, पण चूक कुणाची ते लिहायचं. लेकीची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि करार याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता.

पडद्यावरच्या आईने चष्मा काढला. चष्म्याविना तिचा चेहरा अनोळखी दिसत होता.

"कर खूण पहिल्यावर. माझेच कच्चे निघाले."

"आई, थांब जरा."

"थांबून काय होणार? अकरा वर्षं चुकीच्या दाराशी उभी होते मी, दुसरं काय! तुझे बाबा आजारी होते, तेव्हाही तिथेच उभी होते. निदान दार तरी खरं असायला हवं होतं."

बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली. लेकीने पेन खाली ठेवलं.

"आई, कच्चे नव्हते ते. मंगळवारी नळकांड्यातला डबा नायट्रोजनमधून उचलला, तर झाकणावर तुझं अक्षर. इथे आल्यापासून, चार वर्षांनी दिसलं गं. तसाच हवेत धरून वाचत राहिले मी, स्फटिकांवर बर्फ धरेपर्यंत."