खिंडीच्या अलीकडे

दुपारी एक वाजता तपासणीची गाडी खिंड ओलांडून निरेहामाकडे उतरली आणि आतल्या यंत्रावर एका बाईचा आवाज लागला. खिंडीच्या पलीकडे असेपर्यंत त्याच जागी नुसती खरखर होती.

“शाळेच्या मैदानावर गरम पाण्याची सोय केली आहे. बायकांसाठी चार ते सहा. पुन्हा सांगते, चार ते सहा.”

सावागुची दूरसंचार खात्याच्या प्रादेशिक कार्यालयात होता. विनापरवाना चालणारी प्रक्षेपणं शोधून बंद करणं हे त्याचं काम. भूकंपानंतर निरेहामात एक आपत्कालीन रेडिओ केंद्र चालत होतं. ते बंद होऊन आठ वर्षं झाली होती. मैदानावर आता आंघोळीची सोय नव्हती. शाळाही नव्हती.

गेल्या आठवड्यात कुणीतरी फोनवर तक्रार केली होती. सावागुचीला फक्त गावाचं नाव कळवण्यात आलं होतं.

नगर कार्यालयातला कुमागाई आपली लहान पांढरी गाडी खिंडीखालच्या फाट्यावर ठेवून तपासणीच्या गाडीत बसला. हे प्रक्षेपण खिंड ओलांडत नाही, तेव्हा तक्रार करणारा गावातलाच असणार, आणि गावातलं कुणी तक्रार करेल हे त्याला पटत नव्हतं. अर्धं गाव भांडी घासताना हेच लावून ठेवतं, असं तो म्हणाला. मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन तो खिडकीबाहेर बघू लागला.

“म्हणजे कोण करतंय ते तुम्हाला माहीत आहे,” सावागुची म्हणाला.

“एवढी महागाची गाडी आणलीत, साहेब. तिलाच शोधू द्या की.”

गाडीला फार वेळ लागला नाही. मासे वाळवायच्या शेडवर एक माडी होती. वर तोकुजी ओरिकासा बसला होता. आयुष्यभर बोटीवर काढलेला म्हातारा. त्याने दोन जादा पेले आधीच मांडून ठेवले होते. बाजूला डब्याएवढं प्रक्षेपण यंत्र. केंद्र मोडलं तेव्हा ते भंगारात निघालं होतं.

“या. बूट खाली काढलेत ना? सरकारी असले तरी चिखल तो चिखलच.”

आवाज त्याच्या मुलीचा होता. चिहारु त्या केंद्राची निवेदिका होती. आधी पाण्याच्या, आंघोळीच्या वेळा सांगायची. पुढे पुढे सापडलेल्या मृतांची नावं वाचायची. केंद्र बंद व्हायच्या आठवड्यात ती घरातून निघाली. तिची गाडी धक्क्याच्या टोकाला सापडली, कुलूप लावलेली. समुद्राने काही परत दिलं नाही. तिच्या जुन्या निवेदनांचं ध्वनिमुद्रण तोकुजी रोज दुपारी लावत होता.

सावागुचीने कायदा सांगितला. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“परवानगी फोनवर मिळाली होती,” तो म्हणाला. “भूकंपाच्या दिवशी तुमच्याच कार्यालयाने सांगितलं, सुरू करा, कागद मागाहून बघू. मी तिच्या शेजारी उभा होतो. फोनवर दिलेली परवानगी फोनवर कुणी परत घेतलेली नाही.”

आणीबाणीत परवाना असाच तोंडी मिळतो, हे खरं होतं. पण तो गावाला दिलेला होता आणि गावाने तो रीतसर परत केला होता. सावागुचीने तसं सांगितलं. तोकुजीने मान हलवली. हे त्याला ठाऊक असावं.

“काका, नावं वाचायला लागल्यापासून ती घरी बोलायचीसुद्धा नाही, असं तुम्हीच सांगता,” कुमागाई म्हणाला. “आता पुरे करा.”

“जिवंत असली तर ऐकेल. ऐकलं तर काहीतरी बोलेल. बापाला शिव्या दिल्या तरी चालतील.”

कुमागाईने बॅगेतून एक अर्ज काढून चटईवर ठेवला. माणूस बेपत्ता होऊन सात वर्षं उलटली की घरच्यांच्या अर्जावरून न्यायालय त्याला मृत ठरवू शकतं. गेल्या वसंतातही त्याने तो आणला होता. तेव्हा तोकुजीने त्याच्या हातात वाळवलेली माकुळ मासळी देऊन त्याला परत पाठवलं होतं.

आज म्हातारा अर्जाकडे बघत राहिला.

“तक्रार कुणी केली, साहेब?”

“तक्रारदाराबद्दल काही सांगता येत नाही. तसा नियम आहे.”

“बाई की पुरुष, एवढं तरी?”

“खरंच मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.”

“बरोबर आहे. नियम तो नियम.” त्याने चहाचा घोट घेतला. “इतक्या वर्षांत एकच माणूस बोलला. तोही बंद करा म्हणायला.”

यंत्र त्याने स्वतःच बंद केलं. चिहारु वाक्याच्या मध्येच थांबली. खालच्या दुकानातून त्याच वेळी खरखर ऐकू आली. मग कुणीतरी तीही बंद केली.

सावागुचीने यंत्राला सील लावलं. तोकुजीने खणातून सहीऐवजी उमटवायचा आपला शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि अर्जावर नीट दाबला.

“घेऊन जा, कुमागाई. आजच दे. उद्या माझं मन फिरेल.”

न्यायालय जिल्ह्याच्या गावाला होतं. फाट्यावरून कुमागाई स्वतःच्या गाडीने पुढे निघाला. खिंडीच्या माथ्यावर सावागुचीने गाडी बाजूला घेतली तेव्हा ती लहान पांढरी गाडी पलीकडच्या उतारावर दिसेनाशी होत होती.

प्रकरण मिटल्याचं कळवायला त्याने कार्यालयात फोन लावला. तिथली कर्मचारी मोमोसे म्हणाली, तक्रारदाराने नंबर दिला असेल तर त्यालाही कळवावं लागतं. तिने तक्रारीच्या फोनचं ध्वनिमुद्रण शोधून त्याला ऐकवलं.

नंबर दिलेला नव्हता. बोलणारी बाई होती, आणि तिला घाई नव्हती.

“निरेहामामध्ये रोज दुपारी एक जुना आवाज लागतो. तो बंद करा.” मग श्वास घेतल्याचा आवाज. “पुन्हा सांगते, तो बंद करा.”