राखीव वीज

ढगांच्या वर असतानाच मृदुलाच्या विमानाचा अल्टरनेटर बंद पडला. इंजिन चालू होतं, पण वीज तयार होत नव्हती. हे दोन सीटचं विमान तिनं आणि तिच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, घरामागच्या शेडमध्ये खपून बांधलं होतं. राखीव बॅटरी अर्धा तास पुरेल, असा हिशेब दोघांनी मिळूनच केला होता. ढग इतके पसरतील, हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

ढगात उतरताना समोरचा स्क्रीन विझू लागला. विमान सरळ आहे की कलतंय, तेही तिला कळेना.

"बाबा, राखीवही संपत आली!"

"माझ्या पायांशीच आहे ती. बघतो," मागच्या सीटवरून यशवंतराव म्हणाले. त्यांच्या वयाच्या बहुतेकांसारखं त्यांचंही हृदय आता कृत्रिम होतं, कमरेच्या पट्ट्यातल्या बॅटरीवर चालायचं.

स्क्रीन लख्ख उजळला.

"आली! काय केलंत?"

"मागं वळू नकोस, पोरी. नीट उतरव."

ढगांखाली धावपट्टी दिसली. चाकं अलगद टेकली. विमान थांबताच ती हसत मागं वळली. यशवंतरावांची मान छातीवर कलली होती. कमरेचा पट्टा रिकामा होता आणि त्यातली बॅटरी विमानाच्या वायरींना जोडलेली होती.

मृदुलानं ती ओढून काढून पट्ट्यात बसवली. हृदय लगेच चालू झालं. गाल पुन्हा कोमट झाले. डोळे मात्र उघडले नाहीत.

"हृदय असंच चालत राहील," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पण मेंदू गेलाय. तुम्ही सांगाल तेव्हा बॅटरी काढू."

"मीच काढते," मृदुला म्हणाली खरी, पण तिचा हात त्या पट्ट्याकडे जाईचना.