तिला समुद्र आवडायचा

मुलगी जिवंत आहे की गेली, एवढं एकदा कळलं असतं तर अनुवादिकेचं पान पुढे सरकलं असतं. सकाळपासून ती पहिल्याच वाक्यावर अडून बसली होती. 'माझ्या मुलीला समुद्र आवडतो' की 'आवडायचा'? मूळ जपानी मजकूर लिहिणारा बाप धंद्याने पियानो दुरुस्त करणारा. आजारी लेकीबद्दल लिहिताना तो खुशाल आजमधून कालमध्ये आणि कालमधून आजमध्ये उड्या मारत होता. जपानीत ते खपतं, कानाला गोडही लागतं. इंग्रजीत नाही खपत. तिथे पहिल्या ओळीतच काय ते सांगून मोकळं व्हावं लागतं.

एरवी तिची गाडी अशी अडत नसे. तिला एक खोड होती. कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायचं. कोण जगलं, कोण गेलं हे कळलं की क्रियापदं आपसूक रांगेत उभी राहतात, असं तिचं म्हणणं. ही शेवट आधीच फोडेल म्हणून धाकटी बहीण तर तिच्या शेजारी बसून सिनेमासुद्धा बघत नसे. पण या पुस्तकाला शेवटचं पानच नव्हतं. बाप थोडंथोडं लिहीत होता, आणि लिहून होईल तसं प्रकाशक ते हिच्याकडे पाठवत होता. दोन्ही भाषांत पुस्तक एकदमच काढायचं, हा त्याचा हट्ट.

"अगं, मग विचार की त्या माणसाला," आई म्हणाली. मांडीचं हाड मोडल्यापासून ती दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असायची. आत्ता मटार सोलत होती.

"काय विचारू? तुमची मुलगी आहे की गेली? बापाला असं विचारतात होय?"

"बरं बाई. तू शहाणी."

अनुवादिकेने मग आपल्यापुरता निकाल लावला. असली पुस्तकं माणूस गेल्यावरच लिहितात. मुलीच्या पायमोज्यांचे रंग, ती आईस्क्रीमचा चमचा कसा चाटते, इतकं बारीकसारीक कोण आठवत बसतं? ज्याचं काही हातचं गेलंय तोच.

तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, आईची तब्येत विचारायला. "अहो, काय सांगू, किती चालायची आई! बागेला फेऱ्यांवर फेऱ्या मारायची. आणि बोलायची तरी किती!" अनुवादिकेने फोन ठेवला तेव्हा आई तिच्याकडेच बघत होती.

"मला पोचवायची एवढी घाई कशाला गं? आहे मी अजून. बोलतेय पण."

दोघी हसल्या. अनुवादिका हसतच कामाला बसली आणि मुलीचं एकेक क्रियापद भूतकाळात घालत गेली. मध्येच तिला रडू आलं, तरी तिने हात थांबवला नाही. संध्याकाळपर्यंत आलेल्या पानांचं काम पुरं झालं. अगदी चोख झालं, असं तिचं तिलाच वाटलं. तिने ते पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकाचा निरोप आला. लेखकाच्या घरच्यांना अनुवादाबद्दल बोलायचंय, दुपारी व्हिडिओ कॉल करतील. सांत्वनाला काय बोलायचं ते अनुवादिकेने दोनदा मनात घोळवून ठेवलं, अंगावरचा ड्रेस बदलला आणि लॅपटॉपसमोर बसली.

पडद्यावर बाप नव्हताच. उशांना टेकून बसलेली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. डोक्याला लोकरीची टोपी, हातात पेन, मांडीवर कागदांचा गठ्ठा.

"बाबा खाली डॉक्टरांशी बोलतायत," ती जपानीत म्हणाली. "पण बोलायचं मलाच होतं. मी इंग्रजी शिकतेय. इथे दुसरं करायला आहे काय?" तिने वरचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "तुम्ही मला मारून टाकलंत."

अनुवादिकेने घोळवून ठेवलेलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

खिडकीपाशी बसलेल्या आईला जपानी कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. "काय गं? काय झालं?"

"आहे, आई," ती डोळे पुसत म्हणाली. "मुलगी आहे."

"मग रडतेस काय? माफी माग तिची!"

तिने मागितली. अगदी कान धरून मागितली. मुलगी खुदकन हसली आणि दुसऱ्या क्षणी मास्तरणीसारखी ताठ बसली. "चला, पहिलं पान. मला समुद्र आवडायचा, असं लिहिलंय. आवडतो. पुढे, पिवळे मोजे. तेही आवडतात. हे बघा, आत्ता पायात आहेत." तिने पाय वर करून दाखवला. "आणि आईस्क्रीम! ते तर विचारूच नका."

अनुवादिका भराभर खोडत होती, लिहीत होती. चूक निस्तरताना इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता. एक पान झालं, दुसरं झालं. मुलगी जरा दमली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. वाचून दाखवायची वाट न बघता अनुवादिकाच आता पुढे पुढे धावत होती. शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'रात्री डोळे मिटायला ती घाबरायची. मिटले तर परत उघडणार नाहीत, असं तिला वाटायचं.'

"हेही बदलते हं, बाळा," म्हणत तिने 'घाबरायची'वर रेघ मारायला पेन टेकवलं.

"ते नको," मुलगी म्हणाली. "ते तसंच राहू द्या. ते संपलं."