टिकलीची धार

देपालपूरच्या गोठ्यात दूध काढणारा रोबो आला, तरी नीरजाने गायींचं कुरणात चरणं थांबवलं नाही. गायी मर्जीने चरत, मर्जीने गोठ्यात येत, आणि यंत्राचा हात त्यांची धार काढी. पण गेले तीन दिवस टिकली दुपारी रिकाम्या कासेने परतत होती.

"सेन्सर गया होगा," तिचा भागीदार सार्थक म्हणाला.

"सेन्सर मी स्वतः चेक केलाय. कुरणातच कुणीतरी तिची धार काढतंय, आणि आज मी त्याला पकडणार."

भर दुपारी ती टिकलीशेजारी जाऊन उभी राहिली. चहूकडे तारेचं कुंपण होतं आणि लपायला एक झाडही नव्हतं.

एक वाजता टिकली चरायची थांबली. मागचे पाय जरासे फाकवून ती शांत रवंथ करू लागली, ओळखीचं माणूस धारेला बसल्यासारखी.

नीरजा वाकली. सडांना सरसोंच्या तेलाचा वास येत होता. हाताने धार काढणारे बोटांना लावतात, तसा. रोबो तेल लावत नाही.

मग बादलीत धार पडल्याचा आवाज सुरू झाला. चर्र, चर्र. नीरजाने कासेखाली ओंजळ धरली. ओंजळ कोरडीच राहिली, आणि कास मात्र तिच्या डोळ्यांदेखत सैल पडत गेली.

"कौन है? सामने आओ!" ती कडाडली.

आवाज थांबला.

टिकलीने मान वळवून कासेजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग, कुणी उठून उभं राहावं तशी तिची नजर वर गेली, आणि हळूहळू सरकत नीरजाच्या खांद्यामागे येऊन थांबली.