दोन नट

आमच्या गाडीचं बॉनेट लावून मी मागं सरलो. मद्रासजवळच्या शोळावरमला, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर, शर्यतीचा झेंडा वर गेला, तेव्हा माझी नजर शेजारच्या गाडीच्या चाकावर पडली. चार नटांच्या जागी दोनच! आत आमच्या तंजावरकडचाच तरुण डॉक्टर चंद्रमौळी बसला होता. “नट कुठं गेले?” मी ओरडलो. “काढले. तुमचीच युक्ती, राणोजी. कालच्या पेपरात आलीय. वजन कमी, वेग जास्त!” मला तो बातमीदार आठवला. तो गॅरेजात आला तेव्हा मी ब्रेक बसवत होतो; गाडी नुसती ढकलायची म्हणून चाकं दोन-दोन नटांवर अडकवली होती. वेग मी वाढवला होता इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून आतला दाब वाढवून, आणि तिकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. “डॉक्टर, ते साफ चूक आहे. उतरा!” “छापून आलंय हो. तुम्ही लपवणारच की!” मी सरळ त्याच्या गाडीपुढं फतकल मारून बसलो. झेंडा पडला, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. डॉक्टर शिव्या देत उतरला. मी पान्याला हातही लावला नाही. मद्रासपासून इथवर येताना सैल झालेला एक नट दोन बोटांनी फिरवून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच क्षणी कॅमेऱ्याचा खटका वाजला. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: हरण्याच्या भीतीनं मेकॅनिकनं भर मैदानात प्रतिस्पर्ध्याच्या चाकाचा नट काढला.