निरोप समारंभाची डीव्हीडी

कॉम्प्युटर दुरुस्तीला मला काकूंनी बोलावलं होतं, पण मी स्क्रूड्रायव्हर काढल्यापासून काकांचा जीव खालीवर होत होता.

"राहू दे ना बाबा. चित्र दिसतंय, मी सांगतोच की सगळं."

डीव्हीडी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाची. तीन वर्षं ती मुकीच चालायची आणि येईल त्याला काका शेजारी उभं राहून ऐकवायचे, "इथे साहेब म्हणाले, असा माणूस पुन्हा होणे नाही."

कॉम्प्युटरवरची गाणी वाजत होती, म्हणजे स्पीकर ठीक. ड्राइव्ह पुसून पाहिला, तोही ठीक. काका खिडकीपाशी जायचे, परत यायचे. शेवटी सापडलं. कॉम्प्युटरमधल्या ज्या प्लेअरवर डीव्हीडी लागायची, त्यातला आवाजच कोणीतरी बंद करून ठेवला होता. घरात कॉम्प्युटरला हात लावणारं माणूस एकच.

मी क्लिक केलं. साहेबांचा आवाज खोलीभर घुमला, "आजचे सत्कारमूर्ती... काय बरं नाव यांचं?" मागे कोणीतरी हसलं.

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

काकूंनी माझ्या हातातून माऊस घेतला आणि आवाज बंद केला.

"अहो, यात काही नीट ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, साहेब काय म्हणतायत."