चारचा गजर

बोईसरच्या समाजमंदिरात घरोघरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांच्या युनियनची सभा होती. शाखेची सचिव मेघाली मागण्या लिहून घेत होती. चार वाजता काशीबाईंच्या फोनचा गजर वाजला आणि त्या उठल्या. “आजीची कूस बदलायची हाय,” म्हणाल्या आणि थबकल्या. बेटेगावच्या त्या आजी परवाच गेल्या होत्या. पाच वर्षं दर दोन तासांनी काशीबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं होतं, पाठीला एकही जखम होऊ दिली नव्हती. “घरी थांबायचं ना, मावशी,” मेघाली म्हणाली. “सुतक आजीच्या घरच्यांना हाय. मी इचारलं, तर त्यांची सून बोलली, तुमाला कुठलं सुतक?” मेघालीनं पुढची मागणी लिहिली: पेशंट गेल्यावर दुखवट्याची रजा. “किती दिवस लिहू?” काशीबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. “दिवस तू लिव तुज्या मनानं. आदी हा गजर काढून दे. माजा हात धजत नाय.”